कोंबड्यांतील भांडणे : दोन प्रकार व त्यांवरील उपाय

कर्जत तालुका पर्जन्यछायेचा आहे. पाऊस ओढ धरतो तेव्हा ज्वारीचे पीक हातचे जाते. अशा वर्षी घरच्या पाच-दहा कोंबड्यांची अंडी मीठमिरचीच्या खर्चास आधार होतात. म्हणून खुराड्यातील भांडणे क्षुल्लक लेखू नयेत. ही भांडणे दोन प्रकारची असतात, व एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, हे ह्या पाठात आम्ही दाखविणार आहो.

पहिला प्रकार मानपानाचा होय. नॉर्वे देशातील थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे ह्या विद्वानाने बाळपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले व १९२२ साली आपले शोध प्रसिद्ध केले. कळपात टोचण्याचा क्रम ठरलेला असतो, असे त्यास आढळले. वरची कोंबडी खालचीस टोचते. खालची उलट टोचीत नाही. क्रम एकदा ठरला म्हणजे वरचीने नुसती मान उंचावली तरी पुरते, आणि कळपात शांती राहते. म्हणून अशा किरकोळ टोचाटोचीत आपण हात घालू नये.

परंतु बाजारातून एकटी तलंग आणून सोडली, तर सर्वांच्या चोची तिजवर चालतात. यास्तव नवे पक्षी दोन-तीन आठवडे दूर ठेवावे, म्हणजे रोग असल्यास कळून येईल. नंतर काही दिवस मध्ये जाळी असावी; मग दोन-तीन पक्षी मिळून अंधार पडल्यावर आत सोडावे. दाणापाणी एकाच भांड्यात असल्यास खालच्या कोंबड्या उपाशी राहतात. म्हणून भांडी निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी.

दुसरा प्रकार पिसे उपटण्याचा. ह्यात मानपान नाही, व रागही नाही. जमीन उकरून अन्न शोधण्याची जी स्वाभाविक वृत्ती, तीस वाव न मिळाल्यास ती शेजारणीच्या पिसांकडे वळते. एकदा रक्त दिसले की इतर कोंबड्याही तेथेच टोचू लागतात. अंडे घालतेवेळी बाहेर दिसणारे तांबडे मांस टोचले गेल्यास कोंबडी प्राणासही मुकते.

दाटी, प्रखर उजेड, रिकामपण व अपुरा आहार ही ह्याची मुख्य कारणे होत. ज्वारीत प्रथिने शेकडा १० च्या सुमारास असतात. अंड्यावरील कोंबडीस शेकडा १६ ते १८ लागतात. तेव्हा केवळ ज्वारीवर भागत नाही.

उपाय असे : जखमी कोंबडीस तत्काळ वेगळी करावी, व जखम भरेपर्यंत कळपात सोडू नये. दाण्यात शेंगदाण्याची पेंड किंवा सुकट मिसळावी. किंचित मीठ असावे, व शिंपल्यांचा चुरा निराळा ठेवावा. जमिनीवर भुसा पसरून त्यात मूठभर दाणे टाकावे, म्हणजे त्या उकरण्यात गुंततील. घासाची पेंढी चोच पोहोचेल इतक्या उंचीवर टांगावी. अंडी घालण्याची जागा अंधारी असावी. उन्हाळ्यात सावली व पाणी एकाच कोपऱ्यात असू नये, नाहीतर तेथेच दाटी होते.

कित्येक लोक टोचणारी कोंबडी विकून टाकतात, किंवा तिची चोच छाटतात. चोचीत संवेदना असते, म्हणून छाटल्याने तीस वेदना होतात; आणि कारण तसेच राहिल्यास उद्या दुसरी टोचू लागेल. कोंबडीस दोष देण्यापूर्वी खुराडे तपासावे.

प्रश्न : (१) कोणत्या भांडणात आपण हात घालू नये? (२) आपल्या खुराड्यात वरीलपैकी कोणते कारण आढळते? (३) ते दूर करण्यास घरातील कोणती वस्तू उपयोगी पडेल?