नैसर्गिक रंगाचे कापड : बोलणे नको, पुरावा हवा

काही वर्षांपूर्वी आम्ही हळदीत रंगवलेल्या ओढण्यांचा एक लॉट मुंबईला पाठवला. बिलावर 'नैसर्गिक रंग, पक्का' असे लिहून दिले. दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेल्या ओढण्या पंधरवड्यात फिक्या पडल्या आणि सारा माल परत आला. रंग खरा होता, पक्का नव्हता. चूक आमचीच होती. त्यातून शिकलो ते कारागीर व व्यापारी बांधवांसमोर ठेवत आहोत.

खानदेशाला हे काम नवे नाही. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर एकेकाळी छापील कापड आणि गडद निळ्या व लाल रंगासाठी नावाजलेले होते. आज गिऱ्हाईक असा माल पुन्हा मागते, पण सोबत कागदही मागते. त्यामागे तीन वेगवेगळे प्रश्न असतात.

१) रंग टिकतो का? प्रयोगशाळेत धुण्याला व घासण्याला १ ते ५ आणि उजेडाला १ ते ८ असे गुण मिळतात. आकडा मोठा तितका रंग पक्का. हळद उन्हात लवकर उडते. तुरटी दिलेली मंजिष्ठ कितीतरी जास्त टिकते.

२) अपाय नाही ना? काही ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली कायदा केला, भारताने १९९७ साली बंदी घातली. झाडापाल्याच्या रंगात हा दोष नसतो. पण रंग पक्का करण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट वापरले, तर विष आपणच घातले. तुरटी बरी.

३) खरोखर नैसर्गिक आहे का? इथे खरी अडचण आहे. १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. तिचा व झाडाच्या निळीचा मुख्य रंगपदार्थ एकच, त्यामुळे साध्या तपासणीत फरक कळत नाही.

'गॉट्स' प्रमाणपत्राबद्दलही गैरसमज आहे. ते मुळात सेंद्रिय धाग्याच्या कापडासाठी आहे. त्याच्या अटींत बसणारे रासायनिक रंगही त्यात चालतात. २००६ सालचा हँडलूम मार्क कापड हातमागाचे असल्याचे सांगतो, रंगाचे नाही.

म्हणून वही ठेवा. प्रत्येक लॉटचा क्रमांक, तारीख, रंगाचा माल कोठून व किती घेतला त्याचे बिल, तुरटीचे वजन आणि कापडाचा एक तुकडा टाचून ठेवा. नवा रंग असेल तर आधी नमुना तपासून घ्या, मगच ऑर्डर घ्या.

वहीत दाखवता येईल तेवढेच बिलावर लिहावे. माल थोडा कमी जाईल, पण गेलेला परत येणार नाही.