नंबर कशासाठी दिला, तेही लिहून ठेवा

उज्जैनला सिद्धवटावर पिंडदानासाठी आलेल्या माणसाला तीर्थपुरोहित आधी गाव, आडनाव, गोत्र विचारतात आणि मग आपली वही सोडतात. आमच्या घराण्याच्या पानावर पणजोबांची मोडीतली सही आहे. धंद्यात पडल्यावर या वह्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. यजमानांची नावनिशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण यजमान ती स्वतःहून सांगतो, कशासाठी सांगतोय हे त्याला ठाऊक असतं आणि वही पुरोहिताच्या घराबाहेर जात नाही. गिऱ्हाइकांचे नंबर गोळा करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने एकदा सिद्धवटावर जाऊन हे बघावं, असं मी मनापासून सांगतो.

माझं दुकान उज्जैनमध्येच, बाटिकच्या कापडाचं. माल भैरवगढच्या छिपा कारागिरांकडून येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराजवळचं 'महाकाल लोक' हे संकुल खुलं झालं आणि गावात गर्दी वाढली. पण ही गर्दी येते आणि जाते. नाशिकहून आलेलं कुटुंब पुन्हा कधी दुकानात पाऊल टाकेल, सांगता येत नाही. म्हणून जो तो नंबर मागतो: लॉजवाला, प्रसादवाला, रिक्षावाला, आम्ही कापडवाले.

माझी मामी नागपूरहून दर्शनाला आली होती. आमचं घर लहान, सोबत तिच्या मैत्रिणी, म्हणून त्या एका लॉजवर उतरल्या. तिथलं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असे. येणारा-जाणारा कुणीही पान उलटावं. दुसऱ्या दिवशी तिला फोन आला. बोलणाऱ्याला तिचं नाव, गाव, बरोबर किती जण आहेत, सगळं माहीत होतं. महाकालाच्या भस्म आरतीचा पास काढून देतो म्हणाला, क्यूआर कोड पाठवला आणि मामीने पैसे भरले. पास आला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली, पण पैसे परत मिळाले नाहीत. नंबर त्याच रजिस्टरमधून गेला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण नाव, गाव आणि माणसांची संख्या एका ओळीत लिहिलेली दुसरी जागा मला दिसत नाही. मामीला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की महाकालाच्या गावात कुणी आपल्याला नावाने हाक मारून फसवलं.

त्यानंतर काही दिवसांनी एक मुलगा दुकानात आला. उज्जैनला येऊन गेलेल्या भाविकांचे हजारो नंबर एका फाइलमध्ये, स्वस्तात, म्हणाला. मी त्याला परत पाठवलं. अशी यादी कुणी दिली तर घेऊ नका, फुकट दिली तरी नाही. त्यातल्या एकाही माणसाने तुम्हाला नंबर दिलेला नसतो, आणि त्यात माझ्या मामीसारख्या किती असतील!

मग नंबर मिळवायचा कसा? आधी गिऱ्हाइकाचं काम करा. बाटिकच्या बाबतीत मला वाट सापडली ती धुण्यापाशी. हे कापड पहिल्यांदा कसं धुवायचं, कशात मिसळायचं नाही, उन्हात वाळवायचं की सावलीत, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई विचारते. मी म्हणतो, "ताई, हा कोड स्कॅन करा आणि आम्हाला 'धुणं' एवढंच लिहून पाठवा, सगळी माहिती येईल." संदेश तिच्या फोनवरून येतो, म्हणून नंबर चुकत नाही, तारीख आपोआप राहते आणि उघडं रजिस्टर लागत नाही. माहिती पाठवल्यावर वेगळा प्रश्न: नवा माल आला की कळवू का? "हो" आलं तरच नाव यादीत. उत्तर आलं नाही, तर ते "नाही" समजायचं. कुरिअरसाठी घेतलेला नंबर कुरिअरपुरताच. हे दोन कप्पे एक करण्याचा मोह दिवाळीच्या तोंडावर फार होतो, तिथेच सांभाळायचं.

बिलासाठी नंबर मागून अडवू नका. नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा हट्ट धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. वाढदिवस, लग्नाची तारीख, आधार कार्ड यांतलं काहीही कापड विकायला लागत नाही. नाव, शहर, काय नेलं, कशाला हो म्हटलं आणि केव्हा, एवढं पुरे. मुलांचे नंबर तर घेऊच नका.

व्हॉट्सॲपवर ग्रुप करणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे तुमची यादी तुम्हीच बाजारात मांडली. ब्रॉडकास्ट यादी करा. तिचा संदेश ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच पोहोचतो. कित्येक दुकानदार याला अडचण म्हणतात. मला ती चाळणी वाटते. ज्याने नंबर जतनही केला नाही, त्याला आपला संदेश हवा होता असं कसं म्हणायचं? साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे फोन लावत बसू नका. त्यासाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत, आणि त्रासलेलं गिऱ्हाईक १९०९ वर तक्रार करू शकतं.

कायदाही आता याच वाटेने चाललाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत मिळाली. संमती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगायचं, ती मिळाली होती हे गरज पडल्यास आपण दाखवायचं, आणि नाव काढून घेणं नाव देण्याइतकंच सोपं ठेवायचं, हा त्याचा गाभा. कागदी वहीतली माहिती मोबाइलमध्ये उतरवली की तीही त्यात आली. आमच्या कोडखाली हिंदीत आणि मराठीत दोन ओळी लिहिल्या आहेत: वर्षातून मोजके संदेश पाठवू, नको असल्यास "बंद" लिहा. "बंद" आलं की त्याच संध्याकाळी नाव निघतं. यादी दुकानाच्या फोनमध्येच असते, त्याला कुलूप असतं. कामावरच्या मुलांच्या स्वतःच्या फोनमध्ये ती जात नाही.

२०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा आहे. तेव्हा काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नसेल, म्हणून हे काम आत्ताच्या मंदीच्या दिवसांत उरका. जुनी यादी काढा. जो नंबर कुठून आला हे आठवत नसेल, त्याच्यासमोर खूण करा. अशा नंबरांना एकच संदेश पाठवा: आम्ही कोण, तुमचा नंबर आमच्याकडे आहे, ठेवू का? महिनाभर थांबा, आणि उत्तर न आलेले नंबर फोनमधून, वहीतून आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमधूनही काढून टाका.