शाईचे रेखाटन आणि जलरंग

प्रश्न : शाईच्या रेखाटनावर जलरंग दिले की रेषा फुटतात. पेन्सिल, शाई, कागद कोणते घ्यावेत?

उत्तर : रेषा फुटण्याचे मूळ बहुतेक वेळा शाईत असते. फाउंटन पेनच्या नेहमीच्या शाईतला रंग पाण्यात विरघळलेला असतो; ओला कुंचला लागताच तो सुटतो, उन्हात विटतोही. काजळी आणि लाख यांपासून केलेली जलरोधक ड्रॉइंग शाई पूर्ण वाळली की पाण्याला दाद देत नाही. ती फाउंटन पेनात मात्र कधीही भरू नये, लाख वाळून पेन बुजते. होल्डरची साधी निबच उत्तम; काम संपताच ती धुवावी. नवी शाई आधी चाचणीच्या तुकड्यावर पाहावी : रेघ मारून, वाळू देऊन, वरून ओला कुंचला फिरवावा.

वाळण्याआधीच रेघेला केसांसारखे तंतू फुटले, तर दोष कागदाचा. खळ कमी असलेला कागद शाई शोषून घेतो. जलरंगासाठी 300 जीएसएमचा, आम्लमुक्त, शक्यतो सुती कागद घ्यावा. बारीक निबेसाठी त्याचा गुळगुळीत, हॉट प्रेस प्रकार बरा. खरखरीत पृष्ठभागावर निब अडखळते आणि शिंतोडे उडतात.

पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तितके शिसे कठीण. 4एचने कागदावर चर पडतात, त्यांत शाई साचते. 4बीची भुकटी निबेत अडकते. एचबी, हलक्या हाताने, पुरेशी आहे. शाई पूर्ण वाळल्यावर, रंग देण्यापूर्वी पेन्सिल मऊ खोडरबराने पुसावी.