दादाचं नाव खोडू नको

बस गं. चहा घे आधी. तुझं ते प्रतिज्ञापत्र रात्री चष्मा लावून वाचलं. बाबांचे वारस म्हणून आई, तू आणि धाकटा, एवढीच नावं. चौथ्या ओळीवर व्हाइटनर फिरवलंय. कागद ट्यूबलाइटसमोर धरला, तर दादाच्या नावातला रफार अजून दिसतो! अजून सही केली नाहीस, हेच नशीब. एजंटनं सुचवलं असेल, "कोण विचारायला येतंय?" बेपत्ता असलेला दादा उद्या परत आला, तर तो एजंट दार उघडणार नाही. खोटं शपथेवर लिहिणं हा गुन्हा आहे, आणि सही तुझी.

बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. मग 1956च्या हिंदू वारसा कायद्यानं आईला आणि तुम्हा तिघांना सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी चार आणे. माणूस सापडत नाही म्हणून त्याचे चार आणे बाकीच्यांत विरघळत नाहीत.

सात वर्षं झाली की माणूस आपोआप मेला असं धरतात, हे तुला कोणी सांगितलं? आपोआप काही होत नाही, बाई. ज्यांना त्याची खबर लागायला हवी, त्यांनाच सात वर्षं लागली नाही, तर कोर्ट तसं धरू शकतं. जुन्या पुरावा कायद्यातलं 108 कलम, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 111. तेही तो कधी गेला ते सांगत नाही; ती तारीख लागली तर वेगळी सिद्ध करावी लागते. आणि निकाल मिळाला तरी दादाचा वाटा जाणार वहिनीकडे, त्याच्या पोराकडे आणि तो बाबांच्या मागून वारला असं ठरलं तर आईकडेही. तुझ्याकडे नाही.

दादा घरातून गेला तेव्हा पोलिसांत मिसिंगची नोंद केली होती ना? तिची नक्कल काढ. पेपरात जाहीर सूचना दे. आपल्या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेली किती घरं. कागद जपून ठेवणं त्यांच्याकडून शिकावं.

बाबांच्या एफडीवर धाकटा नॉमिनी आहे म्हणून तो निर्धास्त. नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या मिळकतीच्या दाव्यात डिसेंबर 2023ला सुप्रीम कोर्टानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल हेच म्हटलं. बँकेतल्या ठेवीचंही तेच. उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात अर्ज करताना दादाचं नाव घाल, पुढे 'बेपत्ता' लिही. कोर्ट नोटिसा काढेल, कदाचित हमीही मागेल. पैसे आले की त्याचा वाटा वेगळ्या खात्यात ठेव. घर मात्र विकायचं नाव काढू नको. त्याच्या सहीशिवाय त्याचं हक्कसोडपत्र होत नाही. फारच अडलं तर वाटणीचा दावा, वकिलाला विचारून.

पण सगळ्यांत आधी वहिनी. बारा वर्षांत तुम्ही तिला एक फोन केला नाहीत, हे मला पटलेलं नाही. नंबर आईच्या वहीत असेल. लाव आत्ता, मी इथंच बसते.