छतावरच्या उन्हाचा हायड्रोजन: एक सिलिंडर पडतो केवढ्याला?

छतावर सोलर बसवलेले लोक हल्ली हमखास विचारतात: दुपारची जास्तीची वीज ग्रीडला देण्यापेक्षा तिच्यापासून हायड्रोजन काढून त्यावर स्वयंपाक केला तर? करता येईल, पण आधी हिशेब मांडू.

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तेवढ्या उष्णतेला सुमारे साडेपाच किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला इलेक्ट्रोलायझर 50 ते 55 युनिट वीज खातो, म्हणजे सिलिंडरमागे जवळपास 290 युनिट. 3 किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी 12 युनिट मिळतात. घरात एक दिवाही न लावता सगळी वीज यातच घातली तरी 24 दिवस गेले. युनिट 8 रुपयांनी धरा: 2,320 रुपये. मुंबईत 2025 च्या एप्रिलमध्ये सिलिंडर 852.50 रुपयांना झाला होता. यंत्राची किंमत यात नाहीच. पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान सोलरला आहे, इलेक्ट्रोलायझरला नव्हे.

खरं दुखणं साठवणीचं. न दाबता ठेवला तर किलोभर हायड्रोजन 11 ते 12 हजार लिटर जागा अडवतो; साडेपाच किलो म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. दाबून भरायचा तर कॉम्प्रेसर, खास टाकी आणि परवाने आलेच. एलपीजीत मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. हायड्रोजनला वास नाही, उजेडात ज्योत जवळपास दिसत नाही, आणि हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी तो पेट घेतो. एलपीजीची मर्यादा 2 ते 10 टक्क्यांच्या आसपास आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग नकोच.

एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण 140 युनिटांत होतो, हायड्रोजनच्या निम्म्या विजेत. दुपारी ऊन असताना डाळ-भात उरकला तर ती वीज छतावरून थेट भांड्याखाली येते. सपाट बुडाची भांडी मात्र घ्यावी लागतील.

मग सरकारने 2023 मध्ये मंजूर केलेलं 19,744 कोटींचं हरित हायड्रोजन मिशन कशासाठी? खतकारखाने, रिफायनऱ्या, पोलाद यांच्यासाठी. अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो. तिथे हायड्रोजन हा कच्चा माल आहे, नुसती वीज देऊन त्याचं काम भागत नाही.

आता ‘पाण्यावर चालणारी शेगडी’ विकणाऱ्यांविषयी. पाणी किती लागतं ते विचारू नका, ते थोडंच लागतं. यंत्र किती वॅट ओढतं ते विचारा. 2 किलोवॅटची ज्योत तासभर हवी तर सव्वातीन युनिट लागतात. 250 वॅटच्या यंत्रातून 250 वॅटपेक्षा कमीच उष्णता निघणार. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून येत असतील तर स्फोटक मिश्रणच घरात येतंय. असं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.