काजळीची रचना

इंद्रायणीच्या काठी वसलेल्या आळंदीस काजळी नवी नाही. समईच्या ज्योतीवर क्षणभर भांडे धरले, की त्याच्या बुडाशी मऊ काळा थर जमतो. पूर्वी असे काजळ डिंकाच्या पाण्यात खलून शाई करीत व तिने पोथ्या लिहीत. आज आळंदीच्या उत्तरेस, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, काजळी निराळ्याच कामास लागली आहे. तेथील ब्रिजस्टोन कंपनीच्या कारखान्यात २०१३ सालापासून मोटारींचे टायर तयार होतात. टायरला काळा रंग येतो, तो या काजळीमुळेच.

नैसर्गिक रबर फिकट रंगाचे असते. आरंभीचे टायर पांढुरके असत व लवकर झिजत. १९०४ साली इंग्लंडातील सिल्व्हरटाउन येथे एस. सी. मोट यांनी रबरात काजळी मिसळून पाहिली, तेव्हा रबर पुष्कळच बळकट झाल्याचे दिसून आले. टायरचा जो भाग रस्त्यास घासतो, त्यात १०० भार रबरास सुमारे ५० भार काजळी घालण्याची रीत आहे. कारखान्यात तिला ‘कार्बन ब्लॅक’ म्हणतात.

परंतु कोणतीही काजळी कोणत्याही कामास चालत नाही. ही काजळी अतिशय तप्त भट्टीत, अपुऱ्या हवेत तेल जाळून करतात. धुरात प्रथम सूक्ष्म गोल कण जन्मतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे दोन हजार कण ओळीने बसतील! हे कण सुटे राहत नाहीत. एकमेकांस जडून त्यांचे घोस बनतात. काही घोस आटोपशीर असतात, तर काही बाभळीच्या डहाळीसारखे फाटे फुटलेले. या ठेवणीस काजळीची रचना म्हणतात. भट्टीत पोटॅशियमचे क्षार अल्प प्रमाणात सोडले, तर कण परस्परांस कमी जडतात आणि घोस आटोपशीर होतात.

रचना डोळ्यांना दिसत नाही. मग ती मोजावी कशी? त्यासाठी काजळीत थेंबाथेंबाने तेल घालतात. फाटे जितके अधिक, तितक्या पोकळ्या अधिक व तेलही अधिक मुरते. एन-३२६ आणि एन-३३० या दोन जातींचे कण जवळजवळ सारख्याच आकाराचे आहेत. तरीही १०० ग्रॅम एन-३२६ सुमारे ७२ घन सेंटिमीटर तेल घेते, तर तितकीच एन-३३० सुमारे १०२ घन सेंटिमीटर घेते.

तेलाऐवजी रबर मिसळले, म्हणजे फाटेदार घोसांच्या बेचक्यांत रबर अडकून पडते. त्यास मोकळेपणी ताणता येत नाही. म्हणून सारे मिश्रण अधिक ताठ होते. यंत्राच्या तोंडातून नळी काढताना ती कमी फुगते व तिचा आकार नेटका राहतो. आटोपशीर घोसांचे मिश्रण त्या मानाने मऊ राहते व पोलादी तारांमधील बारीक फटींत सहज शिरते. म्हणून टायरमधील तारांभोवतीच्या रबरात एन-३२६ वापरतात.

विजेच्या बाबतीत तर ही निवड फार जपून करावी लागते. शुद्ध रबरातून वीज वाहत नाही. पण फाटेदार घोस एकमेकांजवळ पोचले, की विजेस अखंड वाट मिळते. पेट्रोलच्या नळीत ही वाट हवीच. नाहीतर साचलेल्या विजेची ठिणगी पडून आग भडकेल. उलट, विजेच्या तारेवरील वेष्टनात अशी वाट झाली, तर ती माणसाच्या जिवावर बेतेल.

म्हणून एखादा पदार्थ कशाचा केला आहे, एवढेच विचारून भागत नाही. त्याचे कण परस्परांशी कसे जोडले गेले आहेत, हेही जाणून घ्यावे लागते.

स्वाध्याय

१. काजळीची रचना कशी मोजतात?
२. फाटेदार घोसांमुळे रबर ताठ का होते?
३. कारण द्या : पेट्रोलच्या नळीस योग्य असलेली काजळी विजेच्या तारेच्या वेष्टनास चालत नाही.