आशाताई काय शिकलेल्या असतात?

वस्तीत मुलाला जुलाब लागले की आपण आधी सुई देणारा डॉक्टर शोधतो. बहुतेक वेळा सुईची गरजच नसते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या निरक्षर बायांना असे साधे आजार हाताळायला शिकवले. त्यांत दलित बायाही होत्या. आज तेच काम आशाताई करतात.

त्यांच्याकडे ओआरएस फुकट मिळते. अख्खे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदाच घालायचे. अर्धे आज, अर्धे उद्या असे नको (घरोघर आम्ही हेच पाहतो). केलेले पाणी २४ तासांनी फेकायचे. सोबत झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची. अंगावरचे दूध तोडू नका.

प्रशिक्षणातला खरा कठीण भाग म्हणजे कधी थांबायचे ते ओळखणे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना, शौचात रक्त दिसले, तर ताई लगेच दवाखान्यात पाठवतात. तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणू नका.

ताईंची पेटी रिकामी असेल तर त्यांच्यावर चिडू नका. चार जणी मिळून आरोग्य केंद्रात जा आणि साठा का आला नाही ते विचारा.